लहानीचे डोरे

माय, तुला लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. तुला लिहू का तुले? तोंडानं जन्मभर 'तुले'च म्हटलं. पण सातवीपर्यंत जेवढी शाळा झाली तेवढ्यात मास्तरनं एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली, की घरी काय बोलायचं ते बोला, कागदावर 'तुला' लिहायचं. 'डोरे' नाही, 'डोळे'. मी धडा वाचताना 'डोरे' म्हणालो की तो पुस्तक खाली ठेवून विचारायचा, "डोरे म्हणजे काय रे? जाळ्याचे दोरे का?" आणि आपण मासोळीवाल्याच्या घरचे म्हणून सगळे पोट्टे खिदळायचे. तर कागदावर मी डोळेच लिहीन. पण जे विचारायला बसलो ते तुझ्या शब्दात विचारल्याशिवाय तुला ऐकू जाणार नाही असं वाटतं, म्हणून एकदा विचारून घेतो. माय, लहानीचे डोरे कसे होते वो?

मला आठवत नाहीत. मी नऊ वर्षांचा होतो, ती चारची. तिला कडेवर घेऊन मी अख्खं गाव हिंडलो आहे. तिच्या पायातले चाळ आठवतात, एकातला घुंगरू पडला होता म्हणून चालताना लंगडा आवाज यायचा. तिच्या डोक्याला येणारा मोहाच्या टोरीच्या तेलाचा वास आठवतो. रडायच्या आधी ती खालचा ओठ बाहेर काढून थोडा वेळ थांबायची, जसं काही रडू का नको विचारून राहिली आहे, तेही आठवतं. डोळ्यांपाशी आलो की पुढं काहीच नाही. ती जाऊन सोळा वर्षं झाली, तू जाऊन आठ. घरात तिला रोज पाहणारी आपण तिघंच होतो. त्यातली तू गेलीस. बा आणि मी उरलो आणि दोघांचीही आठवण त्याच जागी कोरी आहे.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, बाचा फोन आला. त्याला आता नंबर लावता येत नाही, शेजारच्या काकूकडून लावून घेतो, आणि तलावाच्या या काठावरून त्या काठावर बोलावं तसा ओरडून बोलतो. मी फ्रेमच्या दुकानात काच पुसत होतो. तो म्हणाला, "तू तठी मोठ्या लोकाईच्या लेकराईचे फोटो खडूनं काढतो म्हने." मी म्हणालो, "हौ बा." "मंग आपल्या लहानीचा काहून नाही काढला आजवर?" मी म्हणालो, "बा, तिचा एकच फोटो आहे, आणि त्याच्यात तिचे डोरे मिटले आहेत ना." तो म्हणाला, "म्हनूनच तं सांगून राहिलो गा. मिटलेला तं मायापाशी हायेच. रोज पाहतो. पाहून पाहून मले ते पोट्टी मिटलेलीच आठवून राहिली. तू उघडे कर तिचे."

माय, बाचे डोळे चालले आहेत. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेलं येणार नाही, थेंब टाकून उरलेलं टिकलं तेवढं टिकलं. मी विचारलं, "बा, किती दिसते?" तर म्हणाला, "जाळ्याच्या एका भोकातून पाहावं तेवढं. समोरचं दिसते, बाजूचं सारं बंद. ते भोक बी बारीक होऊन राहिलं. बंद व्हायच्या आंधी मले एकडाव तिले पाहू दे." मग त्यानं हिशोबात बोलल्यासारखं म्हटलं, "मंडईपावेतो होईल का?" मी होईल म्हणालो. काय म्हणणार? काचेवर फडकं तसंच धरून उभा राहिलो.

त्या फोटोच्या दिवसाचं मला सगळं आठवतं, हेच तर वाईट आहे. आंधळगावची मंडई. दिवाळी झाली की आपल्याकडं गावोगाव जत्रेसारख्या मंडया लागतात, त्यातली आपली ही मोठी. तू त्या दिवशी मंडईत पाटी घेऊन बसली नाहीस. सकाळीच मासोळी विकून, हातांना बेसन लावून तीनदा धुतलेस, कारण लहानीला नवा फ्रॉक घालायचा होता आणि त्याला वास लागायला नको होता. पिवळा फ्रॉक, छातीवर झालर. काजळ घातलंस आणि मग गालावर बोटानं तीट लावलीस, मोठी, चांगली हरभऱ्याएवढी. मी म्हणालो, "केवढी लावून राहिली माय, झेंडूचा किडा बसल्यावानी दिसते." तू म्हणालीस, "मंडईत हजार डोरे असतात. कोनाचे कसे, आपल्याले काय मालूम?" मंडईत तिला एक पिपाणी घेऊन दिलीस, लाल तोंडाची, कागदाची जीभ बाहेर येते ती. मला घेतली नाहीस, मी मोठा झालो म्हणून.

मग फोटोवाला. मागं पडदा, त्यावर धबधबा आणि दोन बदकं, समोर लाकडाची फटफटी. लहानी फटफटीवर बसली ती उतरायलाच तयार नाही. तू मला म्हणालीस, "तू फोटोवाल्याच्या बाजूले उभा राह्य, तिचं ध्यान तुयाकडं राहीन." मी तिथं उभा राहतो. तू पडद्याच्या कडेला, पदर तोंडात धरून हसते आहेस. फोटोवाला म्हणतो, "हालू नको बेटा, चिमणी पाह्य." उजेड फटकन पडतो. झालं. लहानी फटफटीवरून खाली येताना रडते, आणि आपण सगळे समजतो की फटफटी सोडावी लागली म्हणून रडते.

मंडईला तीन आठवडेही झाले नव्हते, तिला ताप भरला. आधी गावात सुई, मग तुमसर, मग भंडारा. ताप डोक्यात गेला म्हणाले. पुढचं तुला सांगायची गरज नाही, तू मांडी घालून तिथं होतीस. मी घरी होतो, काकूकडं. मला फक्त परत आणलेली चादर दिसली.

फोटोवाला रिळाच्या कॅमेऱ्याचा. रीळ भरलं की तो धुऊन आणायचा आणि बाजाराच्या दिवशी ज्याचे त्याला फोटो वाटत फिरायचा. तेरवी झाल्यावर तू पहिल्यांदा बाजारात बसली होतीस, मी पाटीशेजारी मासोळीवर पाणी मारत होतो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? आला, पाकिटातून काढला आणि म्हणाला, "हे घे बाई, तुयी पोट्टी. जरासे डोरे लागले पाह्य तिचे." तुझे हात ओले, म्हणून तू फोटो दोन बोटांनी कडेकडेनं धरलास. बराच वेळ पाहिलंस. मग विचारलंस, "डोरे कोठी गेले?" तो म्हणाला, "पोट्टीनं पापणी हालवली, मी काय करू? दुसरा काढून देतो ना फुकटात. तिकडं परदा लावलाच हाये, आण तिले, आत्ता काढतो." आणि तू म्हणालीस, "हौ, आणतो."

एवढंच. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं गेला. तू फोटो पदराला पुसून आत ठेवलास आणि माझ्याकडं पाहिलंस. मी मासोळीवर पाणी मारत राहिलो. मग तुझी रोजची हाक सुरू झाली, आवाजात काही फरक नाही, "डोरे पाहा बाई, डोरे! आत्ताची तलावातली, डोरे पाहून घ्या!" त्या दिवशी तू सगळी पाटी विकूनच उठलीस.

फोटो तू कधी भिंतीवर लावला नाहीस. काकू म्हणाली होती, "असा फोटो घरात नोको ठेवू वो, मढ्यावानी दिसते." तू तिला म्हणालीस, "झोपली हाये माही पोर. झोपू दे." आणि पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवून दिलास. त्यानंतर तू कुणाचंच तोंड भिंतीवर चालवून घेत नसायचीस. मला कोळशानं काढायचा नाद होता. एकदा नव्या सारवलेल्या भिंतीवर मी एक तोंड काढलं, बाचं म्हणून, एक डोळा काढला आणि कुणी हाक मारली म्हणून पळालो. संध्याकाळी तू मला कान धरून त्या भिंतीपुढं उभं केलंस. मला वाटलं सारवण खराब केलं म्हणून मारशील. तू म्हणालीस, "एका डोऱ्याचा कायले ठेवला याले? काढाचं तं पुरं काढ, नाही तं पुसून टाक. असं अर्धं पाहत ठेवू नोको कोनाले." मी पुसून टाकला. दुसरा डोळा काढायची हिंमत झाली नाही.

तू गेल्यावर मी एका जागी टिकलो नाही माय. सुरतेला फरशी बसवली, पुण्याकडं रंगाऱ्याच्या हाताखाली राहिलो, नागपुरात दोन महिने हॉटेलात भांडी घासली. कुठंही चार महिने झाले की पाय खाजायला लागतात, चुकलो तर चुकलो, थैली उचलतो. इथं हैदराबादला फ्रेमच्या दुकानात काच कापायला लागलो ते दोन वर्षं झाली, आणि अजून आहे, हे माझं मलाच नवल. त्याचं कारण हे खडू. दुकानातला म्हातारा उस्ताद फोटोवरून माणसांची तोंडं काढतो. लोक गेलेल्या आईबापाचे आणतात, लेकरांचे आणतात. तो खरखरीत, मातकट रंगाचा कागद घेतो आणि मऊ खडूनं रंगवतो. त्याला पेस्टल म्हणतात. शाळेतल्या खडूसारखा कडक नसतो, लोण्यासारखा असतो, दाबला की बोटाला लागतो. गाल करायचा तर करंगळीनं चोळायचा, कारण करंगळीत जोर नसतो. आधी काळोख भरायचा, उजेड नंतर. फुंकर मारायची नाही, कागद उभा करून मागून टिचकी मारायची, म्हणजे भुकटी खाली पडते. मी काच कापता कापता पाहायचो. एक दिवस तो म्हणाला, "कैकू घूरता रे? ले, कान बना." सहा महिने मी नुसते कान काढले. मग केस. मग त्यानं लेकरांची कामं मला द्यायला सुरुवात केली, कारण लेकराचं तोंड गुळगुळीत असतं, आणि आईबापाला काही आलं तरी गोडच वाटतं. आणि तो एक सांगायचा, बुबुळातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी. तो ठेवेपर्यंत मेलेलं असतं, ठेवला की पाहायला लागतं.

लहानीचा फोटो काकूच्या मोबाइलवरून आला. तो मी मोठा करून छापून घेतला, वर पारदर्शक कागद लावून चौकटी आखल्या, जसं नेहमी करतो. फटफटी सोडली, धबधबा सोडला, फक्त तोंड घेतलं. कपाळ जमलं. नाक जमलं, ते तुझं आहे, टोकाला जरा बसकं. ओठ जमले तेव्हा मी थोडा वेळ बाहेर जाऊन आलो. डोळ्यांच्या दोन चौकटी रिकाम्या ठेवून मी आठ दिवस फिरत होतो. मग दुकानात आलेल्या दुसऱ्या एका पोरीच्या फोटोवरून डोळे घेतले, मोठे, चमकदार. लहानीची कॅलेंडरावरची बाहुली झाली. फाडलं. दुसऱ्या कागदावर डोळे लांबट केले. ती कुणाचीतरी गोरीगोमटी पोरगी झाली, मोटारीतून शाळेत जाणारी. तेही फाडलं.

उस्ताद पाहत होता. म्हणाला, "ये कौन है रे? ऑर्डर तो नै ये." मी सांगितलं, बहीण. त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "आँखां बंद है तो क्या हुआ. माँ के लगा देव. हम सब वैसाच करते. खून का माल खून में मिलता." मी म्हणालो, माझ्या मायचा फोटो नाही. खरंच नाही माय. आधारकार्डाची झेरॉक्स आहे, तिच्यात तुझ्या डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग आहेत, आणि आमच्याकडं तुझा तेवढाच फोटो आहे. "तो बाप के?" बाचे डोळे मी व्हिडिओ कॉलवर पाहिले होते. तू नेहमी सांगायचीस की ताज्या मासोळीचा डोळा पाण्यावानी साफ असतो, फुगून वर आलेला असतो, आणि शिळी झाली की आत बसतो, पांढरा पडतो. बाला पाहून माझ्या मनात तेच आलं. असं बापाबद्दल मनात येतं का कुणाच्या? मला माझीच लाज वाटली आणि मी म्हणालो, नको, बापाचे नको.

एक गोष्ट मात्र मी केली. बाजारातून एक जिवंत मरळ आणली आणि पातेल्यात पाणी घालून तिच्या डोळ्यापुढं बसलो. इथं माझ्या खोलीतले पोट्टे हसायला लागले, "अबे, इसको खाएगा या इससे शादी करेगा?" तुझ्या चुलीपुढं लहानी अशीच उकिडवी बसायची, आठवते का? तू मासोळी कापायचीस आणि ती तिच्या पोटातला फुगा मागायची. "माय, फुगा दे वो, फुगा." तो पायाखाली फोडला की फट्ट वाजायचा आणि ती टाळी वाजवायची. मला वाटलं, मासोळीच्या डोळ्याकडं पाहता पाहता लहानी कधीतरी माझ्याकडं मान वर करून पाहील आणि मला दिसतील. ती पातेल्याकडंच पाहत राहिली. मला फक्त तिचा भांग दिसला.

शेवटी उस्ताद म्हणाला, "तो तेरे लगा. भाई है ना तू. आईना उठा." फ्रेमच्या दुकानात आरशाला काय तोटा? एक लहान आरसा कागदाशेजारी ठेवला आणि बसलो. स्वतःच्या डोळ्यांत कधी इतकं पाहिलं नव्हतं. डावा जरा लहान आहे. पापणीची कड खाली जाते. मी त्यांना लेकराचं केलं, पांढरं कमी, काळं जास्त, खालची पापणी फुगीर, वर काजळ. अखेरीला पांढरा ठिपका ठेवला. एकात ठेवला, दुसऱ्यात ठेवला, आणि माय, ती माझ्याकडं पाहायला लागली. चांगलं झालं होतं. उस्तादनं चष्म्याखालून पाहून "हौ" म्हटलं, आणि तो सहसा म्हणत नाही. पण मला तिच्यासमोर बसवेना. माझेच डोळे लहानीच्या तोंडातून मला पाहत होते. मी वर पातळ कागद टाकून दिला.

तिच्या गालावरची तीट मी कागदावर घेतलीच नव्हती. मुद्दाम नाही. दुकानात लेकरांच्या गालावर जो काही डाग असेल, जखमेचा, मुरुमाचा, काजळाचा, तो काढून टाकायचा असतो, गिऱ्हाइकाला साफ तोंड लागतं. दोन वर्षांत हाताला ती सवय झाली. मला कळलंही नाही की मी काही सोडलं.

आपल्या आळीतला एक सोबती इथं फरशीच्या कामावर आहे, तो धान कापणीला गावी निघाला. काच लावून दिली असती तर गाडीत फुटली असती. म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मधे बांधून दिलं आणि दहादा बजावलं, तोंडाला हात लावू नको, लावू देऊ नको, हे पक्कं नसतं, आधी तुमसरला काच बसव आणि मगच घरी ने. तो हौ हौ म्हणाला. पण उतरल्या उतरल्या बा त्याच्या दारात जाऊन बसलेला. बापुढं तो काय करणार? त्यानं पुठ्ठे सोडले आणि मला व्हिडिओ लावला.

बा अंगणात बाजेवर बसला होता, उन्हाकडं तोंड करून. सोबती म्हणाला, "काका, पोट्टा दिसून राहिला पाह्य मोबाइलात." बा म्हणाला, "त्याले पाहून काय करू, कागद आन." त्यानं कागद दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेला. त्याला एका वेळी भोकाएवढंच दिसतं ना, म्हणून तो कागद हळूहळू सरकवत होता. हनुवटी गेली. ओठांपाशी थांबला, हसला. नाक गेलं. मग कागद थोडा खाली घेतला आणि थांबला. त्याच्या मानेवरची शीर उडताना मला इथून दिसत होती. तो म्हणाला, "सापडले." मग म्हणाला, "पाहून राहिली गा मायाकडं."

मी विचारलं, "बा, तसेच होते का?" त्यानं ऐकलं नसेल म्हणून पुन्हा ओरडून विचारलं, "बा, लहानीचे डोरे असेच होते का?" तो म्हणाला, "मी बाप हावो तिचा. मायाकडं पाहून राहिली म्हंजे झालं ना." पुन्हा कागद सरकवला, गालापाशी आला आणि एकदम चिडून म्हणाला, "आन् तीट? तीट काहून नाही लावली गा? इतकी साजरी काढली अना उघड्या गालानं पाठवली? तुयी माय कधी बिना तीटेची उंबरठ्याबाहेर नाही नेत होती पोट्टीले." मी म्हणालो, बा, मी आलो की लावतो, तू हात लावू नको. सोबतीही म्हणाला, काका, हात नोको. पण बा उठला होता. कागद छातीशी धरून, भिंत चाचपत देवळीपाशी गेला, दिव्यावरची काजळी अंगठ्याला घेतली आणि लहानीच्या गालावर टेकवली. त्याचा अंगठा तुला माहीत आहे. सारा जन्म जाळं ओढलेला. तीट गालावर बसली आणि पंजाची कड डाव्या डोळ्यावरून गेली. खालची पापणी पुसली. पांढरा ठिपका गेला. तिथं करडं, धुक्यासारखं काहीतरी उरलं.

सोबती ओरडला, "अरे काका!" बा म्हणाला, "काय झालं?" सोबतीनं मोबाइल फिरवून माझ्याकडं पाहिलं, काय सांगू म्हणून. बा पुन्हा बाजेवर बसून कागद सरकवत होता, पण आता त्याचं भोक तीटेवरच थांबलं होतं, आणि तो खूश होता. मी म्हणालो, "काही नाही बा. बरोबर लागली."

आता त्या कागदाला काच बसली आहे. बानं ती तुझ्या पेटीच्या वरती टांगली, बाजेवरून सरळ दिसेल अशी. सोबती सांगत होता, रोज सकाळी थेंब टाकून झाले की तो जाऊन पाहतो, उजवाच डोळा सापडतो म्हणून तिथंच पाहतो. तू मला भिंतीपुढं उभा करून जे म्हणाली होतीस तेच माझ्या हातून झालं माय. एका डोऱ्याची पोर घरात पाहत बसली आहे. मी जाऊन दुरुस्त करू शकतो, खडू थैलीत टाकून ठेवले आहेत, मंडईला सुट्टी मागितली आहे, उस्ताद जा म्हणतो. पण एकदा काच उघडून डोळा नवा करायचा म्हणजे पुन्हा आरशापुढं बसायचं. तेवढं माझ्यानं होत नाही. आणि न जावं तर बाचं भोक माझ्यासाठी थांबणार नाही. दोन दिवसांपासून थैली भरतो आणि उपसतो.

मला आरशापुढं का बसवत नाही ते सांगतो आणि थांबतो. हा कागद कुठं टाकणार आहे मी? खडूच्या डब्यात ठेवीन. फोटोवाला म्हणाला होता, पोट्टीनं पापणी हालवली, आणि तू माझ्याकडं पाहिलंस तेव्हा मी मासोळीवर पाणी मारत राहिलो. तिनं आपणहून नव्हती हालवली. तू मला तिचं ध्यान ठेवायला उभं केलं होतंस. मले पिपाणी नव्हती घेतली म्हणून मी तिच्या हातातली काढून घेतली होती, सदऱ्यात लपवली होती. फोटोवाल्यानं चिमणी म्हटलं, अना मी तिच्या तोंडासमोर ते फुंकली. कागदाची जीभ तिच्या नाकापर्यंत गेली. ते दचकली, डोरे मिटले, उजेड पडला.

बाले मी सांगितलं नाही. तुले बी तवा सांगितलं नाही.